दिसतं तसं नसतं : शरीराचे वजन आणि शरीराची घडण

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या वतीने आपल्या महाविद्यालयात रक्तदान शिबिर झाले. मैत्रिणींबरोबर मीही रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली, मी वजनकाट्यावर चढले आणि काटा ४३ किलोवर थांबला. रक्तदात्याचे वजन निदान ४५ किलो असावे लागते. परत फिरावे लागले. मागून कोणीतरी "सुकट बोंबील!" असे म्हणाले आणि हशा पिकला. मीही हसण्यावारी नेले. उत्तनच्या किनाऱ्यावर वलांडीवर वाळणारे बोंबील पाहिलेल्या कोणालाही ही उपमा चुकीची म्हणता येणार नाही!

घरी हा प्रसंग सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, "आपलं घराणंच काटकुळं. त्यात वाईट काय आहे? रोग होतात ते जाड माणसांना. आपल्याला कसली भीती?"

त्यानंतर चार महिन्यांनी बाबांना मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले.

बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर काम करतात. वय ४४, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. हातपाय काठीसारखे. दिवसभर उभ्याचे काम. दोन वर्षे ते थकवा येतो, रात्री वारंवार उठावे लागते, असे सांगत होते. एका दवाखान्यात दाखवलेही, पण "तुमची अंगकाठी बारीक, तुम्हांला कसली आली साखर? कामाचा शीण आहे" असे म्हणून ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. पुढे बोटाला झालेली जखम महिनाभर भरेना, तेव्हा रक्त तपासले. उपाशीपोटी साखर २१० निघाली. १२६ किंवा त्याहून अधिक असली तर तो मधुमेह समजतात.

बारीक माणसाला हा रोग कसा झाला, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात विचारावे असे कोणी नव्हते. ग्रंथालयात बसून वाचले, प्राध्यापकांना शंका विचारल्या. मी कला शाखेची विद्यार्थिनी, विषय विज्ञानाचा. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण जे समजले ते आपल्या सर्वांच्या घरांशी निगडित आहे असे वाटल्यामुळे हा लेखनप्रपंच.

शरीर कशाचे बनले आहे?

वजनकाटा एकच आकडा सांगतो. तो आकडा हाडांचा, स्नायूंचा, पाण्याचा की चरबीचा, हे तो सांगत नाही. शास्त्रज्ञांनी सोयीसाठी शरीराचे दोन भाग कल्पिले आहेत. एक मेद, म्हणजे चरबी. आणि दुसरा मेद सोडून उरलेले सर्व काही. स्नायू, हाडे, रक्त, काळीज, मेंदू, पाणी हे सारे या दुसऱ्या भागात येते. कोणत्या भागाचे प्रमाण किती, यालाच शरीराची घडण म्हणावयाचे.

अमेरिकन नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी तुलनेसाठी एक 'नमुना पुरुष' कल्पिला होता. त्याचे वजन ७० किलो आणि मेद १५ टक्के, म्हणजे साडेदहा किलो. 'नमुना स्त्री'त मेद २७ टक्के धरला आहे. स्त्रीच्या शरीरात मेद अधिक असणे हा दोष नव्हे. ती निसर्गाचीच योजना आहे. मेंदू, मज्जा व इतर इंद्रियांना अत्यावश्यक असा मेद पुरुषात सुमारे ३ टक्के, तर स्त्रीत सुमारे १२ टक्के असतो असे बेन्के यांनी मानले. तेव्हा मेद हा शत्रू नाही. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम मेदातून ९. दुष्काळासाठी बांधलेले ते कोठारच आहे. प्रश्न असतो तो कोठार किती मोठे आणि घरात कोणत्या जागी, हा.

मेदविरहित भागात सुमारे ७३ टक्के पाणी असते, मेदात मात्र फारच थोडे. येथे मला पुन्हा बोंबील आठवतो. ताजा बोंबील हातातून निसटतो इतका पाणीदार. वाळला की काडी. त्याचे जे वजन घटले ते पाण्याचे. तापातून उठलेल्या माणसाचे चार दिवसांत दोन किलो वजन उतरते किंवा कडक उपासाने एखादी मैत्रीण आठवड्यात 'बारीक' होते, तेव्हा काट्यावरून जे गेले त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. चरबी इतक्या लवकर जात नाही.

घनतेचे गणित

मग जिवंत माणसाच्या अंगातील चरबी मोजायची कशी? शरीर उघडून तर पाहता येत नाही. या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर मला बाबांच्या कारखान्यातच सापडले असे म्हटले तरी चालेल. एकाच मापाची दोन पातेली बाबांच्या हातांत द्या. डोळे मिटूनसुद्धा ते स्टीलचे कोणते आणि ॲल्युमिनियमचे कोणते हे सांगतील, कारण तेवढ्याच आकाराचे आणि जाडीचे स्टील जवळजवळ तिप्पट जड असते. आकार आणि वजन यांचा हा जो संबंध, तीच घनता. आर्किमिडीजने राजाच्या मुकुटातील भेसळ याच तत्त्वावर ओळखली, ही गोष्ट आपण शाळेत वाचली आहे.

माणसाच्या शरीरातही दोन 'धातू' आहेत. मेदाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९० ग्रॅम, तर बाकीच्या शरीराची सुमारे १.१० ग्रॅम. म्हणून मेद पाण्यावर तरंगतो आणि स्नायू बुडतात. बेन्के यांनी १९४२ च्या सुमारास माणसांचे वजन एकदा हवेत व एकदा पूर्ण पाण्याखाली करून त्यांची घनता काढली. पुढे १९६१ मध्ये विल्यम सिरी यांनी घनतेवरून मेद काढण्याचे सूत्र दिले : ४९५ ला घनतेने भागावे व भागाकारातून ४५० वजा करावेत. उरेल ती मेदाची टक्केवारी.

एक उदाहरण सोडवून पाहू. एका माणसाचे हवेतील वजन ६० किलो आणि पाण्याखालील वजन अडीच किलो भरले. म्हणजे त्याने ५७.५ लिटर पाणी बाजूस सारले. श्वास पूर्ण सोडला तरी फुफ्फुसात थोडी हवा राहतेच, ती १.२ लिटर धरू आणि वजा करू. शरीराचे खरे आकारमान झाले ५६.३ लिटर. ६० ला ५६.३ ने भागले की घनता सुमारे १.०६६ येते. सूत्रात ही घनता घातली की मेद निघतो सुमारे साडेचौदा टक्के, म्हणजे ८.७ किलो. उरलेले ५१.३ किलो मेदविरहित. आठवी-नववीचे गणित, पण केवढे गुपित उघड करते!

याच काळात एक गंमत घडली. बेन्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ धंदेवाईक फुटबॉलपटूंची तपासणी केली. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यांतील बरेच जण 'अतिवजनदार' म्हणून सैन्याला नालायक ठरत होते. पाण्यात तोलल्यावर दिसले की, त्यांचे जास्तीचे वजन चरबीचे नव्हते, कमावलेल्या स्नायूंचे होते. वजनदार माणूस लठ्ठच असतो हा समज येथे खोटा ठरला. याच्या नेमकी उलट बाजू, म्हणजे बारीक माणूस मेदाने कमीच असतो हा समज, खोटा ठरायला आणखी बरीच वर्षे जायची होती. त्या कथेत आपले पुणे आहे. पण तिकडे जाण्यापूर्वी मोजमापाची इतर साधने पाहू.

चिमटा, वीज आणि किरण

प्रत्येकाला पाण्यात बुडवून तोलणे शक्य नाही. म्हणून सोप्या रीती निघाल्या. शरीरातील बराचसा मेद कातडीखाली असतो. कॅलिपर नावाच्या चिमट्याने दंडाची मागची व पुढची बाजू, पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची जागा आणि कमरेच्या हाडावरची जागा येथील कातडीची घडी धरून तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. डर्निन व वोमर्स्ली या संशोधकांनी ग्लासगो येथे ४८१ स्त्री-पुरुषांची मापे घेऊन १९७४ मध्ये चार घड्यांच्या बेरजेवरून मेद काढण्याचे कोष्टक प्रसिद्ध केले. ही रीत स्वस्त आहे. पण मापणाऱ्याचा हात सराईत हवा. शिवाय स्कॉटलंडच्या माणसांवरून बांधलेले कोष्टक कोकणातल्या माणसाला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही.

दुसरी रीत विजेची. पाण्यातून वीज सहज जाते, मेदातून कष्टाने. यंत्रावर अनवाणी उभे राहिले की अत्यंत सौम्य प्रवाह शरीरातून जातो व होणाऱ्या विरोधावरून यंत्र आधी पाण्याचा व मग मेदाचा अंदाज बांधते. व्यायामशाळांतून आजकाल अशी यंत्रे दिसतात. मात्र घाम गाळून आलेला माणूस आणि नुकताच तांब्याभर पाणी प्यालेला माणूस यांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. म्हणून अशा यंत्राचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ समजू नये.

तिसरी रीत डेक्सा या तपासणीची. दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण शरीरातून पाठवतात. हाड, मेद व इतर भाग त्यांना कमीअधिक अडवतात व त्यावरून संगणक तिन्हींचे वजन वेगवेगळे मांडतो. मुळात ही तपासणी हाडांच्या ठिसूळपणासाठी आहे. तरी शरीराची घडण पाहण्यासाठीही ती विश्वासार्ह मानतात. पोटाच्या आत आतड्यांभोवती व यकृतात साठलेला मेद नीट पाहायचा तर सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. लागते. एवढे मात्र लक्षात ठेवावे की जिवंत माणसाच्या बाबतीत या साऱ्या रीती अंदाजाच्या आहेत. कोणी जवळचा अंदाज देते, कोणी लांबचा.

एका बेल्जियन पंडिताचे सूत्र

यांतले काहीच हाताशी नसते तेव्हा दवाखान्यात काय करतात? किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. हे प्रमाण बेल्जियमचे गणिती व संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३२ मध्ये मांडले. त्यांना लठ्ठपणा मोजायचा नव्हता. 'सरासरी माणूस' कसा असतो याचा ते शोध घेत होते. १९७२ मध्ये अन्सेल कीज यांनी या प्रमाणाला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बी. एम. आय., हे नाव दिले आणि मग ते जगभर पसरले.

या सूत्राने बाबांचा आकडा येतो २१.३. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १८.५ ते २४.९ हे 'सामान्य' मानतात. म्हणजे मधुमेह झाला तेव्हाही बाबा कागदावर अगदी सामान्य होते! दोष सूत्राचा नव्हे, त्याच्याकडून भलती अपेक्षा करणाऱ्यांचा. ज्या सूत्रात फक्त वजन आणि उंची आहे, ते मेद कसा सांगणार?

पुण्याचा धडा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मधुमेहाचे असे अनेक रोगी भेटत, जे पाश्चात्त्य पुस्तकांतल्या वर्णनाप्रमाणे वयस्क आणि लठ्ठ नव्हते; ते तरुण आणि बारीक होते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा सचित्र लेख आला. लेखक दोघे : याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. त्यांनी स्वतःचेच छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बी. एम. आय. एकच, २२.३. पण डेक्सावर युडकिन यांच्या शरीरात मेद निघाला ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! काट्यावर सारखे असणारे दोन गृहस्थ आतून किती वेगळे होते पाहा.

हा फरक कोठून येतो? त्याचा शोध याज्ञिक व त्यांचे सहकारी त्याआधीपासूनच घेत होते. १९९३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवती स्त्रिया व त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. तेथील ६३१ नवजात बाळांची मापे इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या ३३८ बाळांशी ताडून २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याकडील बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, साउदम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती; पण सारखी लहान नव्हती. सर्वांत जास्त तूट होती पोटाच्या घेरात, म्हणजे आतल्या इंद्रियांत, आणि दंडाच्या घेरात, म्हणजे मुख्यत्वे स्नायूंत. आणि सर्वांत कमी तूट होती पाठीवरच्या कातडीच्या घडीत, म्हणजे मेदात! दिसायला किडकिडीत, पण घडणीने मेदयुक्त अशा या बाळांना इंग्रजीत 'थिन-फॅट' हे नाव पडले. आपण त्यांना 'कृश-मेदी' म्हणू.

याचा अर्थ असा लावतात की, आईच्या पोटात पोषण अपुरे पडले की गर्भ काटकसर करतो. मेंदू सांभाळतो, थोडा मेद राखून ठेवतो आणि स्नायूंच्या वाट्याला कमी येते. पुढे हे मूल मोठे होते, शहरात येते, दोन वेळा पोटभर जेवते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून ठेवण्याचे मोठे काम स्नायूंचे असते. ती गोदामेच जर लहान, तर साखर जाणार कुठे? त्यात अधिकचा मेद पोटाच्या आत व यकृतात साठू लागला की इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. हातपाय काटकुळेच राहतात. पण आत रोगाची तयारी चालू असते. चरकसंहितेत प्रमेहाचे रोगी स्थूल आणि कृश असे दोन प्रकारचे सांगितले आहेत. बारीक माणसालाही हा रोग होतो हे आपल्याकडे इतके जुने निरीक्षण; तरी आपण ते विसरलो.

हे वाचताना एका ओळीपाशी मी थबकले. त्या सहा गावांतील मातांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर होती आणि बी. एम. आय. सुमारे १८. माझी उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४३ किलो, बी. एम. आय. १८.६. तीस वर्षांपूर्वीच्या त्या खेड्यांतील बायकांचे आणि मीरा-भाईंदरसारख्या शहरात वाढलेल्या माझे माप जवळजवळ एकच! शिबिरात मागून आलेला तो हशा मला तेव्हा नव्याने ऐकू आला.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या माता पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, त्यांच्या बाळांची मापे अधिक चांगली होती. अनेक मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासळी यांतून मिळते, भाजी-भाकरीतून नाही. म्हणजे प्रश्न केवळ पोट भरण्याचा नाही, ताटात काय पडते आणि कोणाच्या ताटात पडते याचाही आहे. आमच्याकडे आई सर्वांत शेवटी बसते. मासळीची आमटी उरली तर तिची, नाहीतर चटणी. तिच्या आईचेही तसेच होते. ही रीत आपण मायेची समजतो. पण तिची किंमत पुढच्या पिढीच्या स्नायूंनी चुकती होत असेल, तर ती तशीच चालू ठेवावी काय?

आईची टेप

बाबांचे डेक्सा करणे आम्हांला परवडणारे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. आई घरी साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते. तिची टेप घेतली. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यावयाचे असते. बाबांचे पोट भरले ९२ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात. दुसरी एक सोपी खूण म्हणजे, पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. बाबांच्या बाबतीत निम्मे म्हणजे साडेब्याऐंशी. जे काट्याने सांगितले नाही, बी. एम. आय.ने सांगितले नाही, ते आईच्या टेपने अर्ध्या मिनिटात सांगितले. सदऱ्याखालचे ते लहानसे पोट आम्ही रोज पाहत होतो आणि 'खात्यापित्या घरचं लक्षण' म्हणून त्यावर विनोद करत होतो!

अर्थात टेपही सर्वज्ञ नाही. ती रोग सांगत नाही, इशारा देते. निदान रक्ततपासणीनेच होते. पण इशारा वेळेवर मिळाला असता तर बाबांची दोन वर्षे वाचली असती, ही खंत मला आहे. आशियाई लोकांसाठी बी. एम. आय. २३ पासूनच सावध व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच सुचवले होते. बाबा तर त्याच्याही खाली होते.

समारोप

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. हा आता केवळ श्रीमंतांचा किंवा लठ्ठांचा रोग राहिलेला नाही. बाबा औषध घेतात. रविवारी आम्ही दोघे खाडीच्या बाजूला फिरायला जातो. भाताचा एक वाढा कमी झाला आहे, उसळ आणि भाजी वाढली आहे. बसल्या-उठल्याने मांड्यांचे स्नायू वाढतात, म्हणून ते रोज घरात वीस उठाबशा काढतात आणि शाळेत मास्तरांनी काढायला लावल्या त्यांचे आता सार्थक झाले असे म्हणतात. गेल्या महिन्यात टेप ८९ वर आली. आणि आई आता आमच्या पंक्तीला बसते. सुरुवातीला तिला अवघडल्यासारखे झाले. आता सवय झाली आहे.

आपल्या महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी आरोग्यपत्रकावर उंची आणि वजन हे दोनच रकाने असतात. त्यात पोटाच्या घेराचा तिसरा रकाना वाढवावा, अशी जिमखाना समितीला माझी नम्र विनंती आहे. खर्च एका टेपचा. आणि माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना सांगणे एवढेच, की आज घरी गेल्यावर आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढा. स्वतःचे माप घ्या. मग आईचे घ्या, वडिलांचे घ्या. ते बारीक असले, तर आधी घ्या.